लढतीनंतरचे ऐक्य



गोदाकाठच्या या व्याख्यानमालेत बोलावयास मिळणे हा आम्ही आमचा मोठा बहुमान समजतो. १९२२ सालापासून ही माला नाशिककरांना उन्हाळ्याच्या संध्याकाळी घराबाहेर काढून विचार करावयास बसवीत आली आहे. येथील श्रोता टाळी वाजवितो, तसा व्याख्यान संपल्यावर वक्त्याला पायऱ्यांवर गाठून दोन अडचणीचे प्रश्नही विचारतो. म्हणून पोकळ शब्दांनी वेळ मारून नेण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

आजचा विषय तसा साधा आहे. एका पक्षात एकाच पदासाठी दोन माणसे उभी राहतात. चुरशीची लढत होते, कडू शब्द बोलले जातात, माणसे फोडली जातात. मग एक जिंकतो आणि एक हरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी एका छपराखाली कसे नांदावयाचे?

आमच्या एका स्नेह्यांना हा विषय सांगितला तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, यात व्याख्यान कसले देता? हरलेल्याने जिंकलेल्याला हार घालायचा, दोघांनी हात उंचावायचे, छायाचित्र काढायचे, की झाले ऐक्य!" आमचे म्हणणे एवढेच आहे, की असले ऐक्य मांडव उतरेपर्यंतच टिकते. मांडवाचे कापड घडी करून ठेवले जाते आणि त्याबरोबर ऐक्याचीही घडी होते.

परक्याशी लढणे सोपे असते. निवडणूक संपली की तो आपल्या घरी आणि आपण आपल्या घरी. घरातल्या घरात लढणे अवघड, कारण लढाई संपल्यावर जेवावयास बसण्याची पंगत एकच असते. आपल्याकडे लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष यांच्यात मानपानावरून रुसवेफुगवे होतात. जाणती माणसे ते त्याच दिवशी, त्याच मांडवात मिटवितात. कारण न मिटलेला रुसवा मुलीबरोबर सासरी जातो आणि पुढे वीस वर्षे नांदतो, हे त्यांना ठाऊक असते. पक्षातील रुसव्याचेही तसेच आहे.

येथे आम्ही एक कबुली देऊन टाकतो. फार वर्षांपूर्वी एका लहानशा संस्थेच्या कार्यकारिणीची निवडणूक आम्ही लढविली. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. आमचे पॅनेल अकरा मतांनी निवडून आले. ज्यांना आम्ही पाडले, ते गृहस्थ कित्येक वर्षे संस्थेचा जमाखर्च एकहाती लिहीत होते. आम्ही गुलाल उधळला, पेढे वाटले, भाषणात "आता सर्वांना बरोबर घेऊन जाऊ" असेही म्हणालो. मात्र त्यांच्या घरी कोणी गेले नाही आणि त्यांना एकाही समितीत घेतले नाही. ते काही बोलले नाहीत. फक्त येईनासे झाले. त्यांच्यामागून त्यांची माणसे येईनाशी झाली. दोन वर्षांनी सभेला गणपूर्ती होईना, तेव्हा आमच्या ध्यानात आले की आम्ही निवडणूक जिंकलो होतो आणि संस्था हरलो होतो. त्या चुकीचा विचार करता करताच आम्ही या विषयाकडे वळलो.

आता मोठ्या गोष्टीकडे येऊ. त्यासाठी दूर जावयास नको. हिंदुस्थानच्या राजकारणात पक्षातील फूट आणि ऐक्य यांच्या ज्या मोठ्या परीक्षा झाल्या, त्यांतील दोन या नाशकातच झाल्या आहेत.

पहिलीची सुरुवात तुरुंगात झाली. १९३२-३३ साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीतील पुष्कळ तरुण नाशिकरोडच्या मध्यवर्ती तुरुंगात होते. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे अशी ती मंडळी. काँग्रेसमध्ये राहूनच समाजवादी विचारांचा एक गट बांधावा, ही कल्पना तेथल्या चर्चांतून आकाराला आली आणि १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. चौदा वर्षे हा गट काँग्रेसच्या घरातच राहिला. तो भांडला, रागावला, परंतु घर सोडून गेला नाही. पुढे १९४८ च्या आरंभी काँग्रेसने आपली घटना बदलली आणि स्वतंत्र घटना असलेला पक्ष आत ठेवण्यास मनाई केली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये समाजवाद्यांची परिषद भरली ती नाशकातच, आणि तेथे काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय झाला. ज्या गावी हा गट जन्मला, त्याच गावी त्याने घर सोडले.

दुसरी परीक्षा १९५० सालची. आजच्या विषयाचा गाभा तीच आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

त्या वर्षी काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी तीन उमेदवार उभे होते: राजर्षी पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि आपले शंकरराव देव. टंडनांच्या मागे सरदार पटेल होते. नेहरूंचा टंडनांना विरोध होता आणि त्यांचा कल कृपलानींकडे होता. त्यामुळे ही लढत तीन उमेदवारांची असली तरी देशाने तिच्याकडे पंतप्रधान आणि उपपंतप्रधान यांच्यामधील लढत म्हणूनच पाहिले. तिच्या मुळाशी प्रश्नही तसेच होते. पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते. त्यांच्याविषयी आणि पाकिस्तानविषयी कोणते धोरण ठेवावयाचे? राज्य सर्व धर्मांना सारखे लेखणारे ठेवावयाचे, तर पक्षाची भाषा कशी असावी? सरकारने पक्षाचे ऐकावयाचे की पक्षाने सरकारचे? या शेवटच्या प्रश्नावरूनच कृपलानींनी १९४७ साली अध्यक्षपद सोडले होते.

ऑगस्टच्या अखेरीस मतदान झाले. टंडनांना १,३०६, कृपलानींना १,०९२ आणि शंकरराव देवांना २०२ मते पडली. हे तीन आकडे आपण सहज मिळवून पाहा. बेरीज २,६०० होते, तिचे निम्मे १,३००. म्हणजे टंडनांना निम्म्याहून अवघी सहा मते अधिक होती. जवळजवळ अर्धे घर एका बाजूला आणि अर्धे दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती झाली. आणि असे दुभंगलेले घर घेऊन काँग्रेसचे छप्पन्नावे अधिवेशन २० व २१ सप्टेंबरला आपल्या नाशकात, गांधीनगर येथे भरले.

त्या अधिवेशनात काय झाले? अध्यक्षाच्या आसनावर टंडन बसले. ठराव मात्र नेहरूंच्या धोरणाचे मंजूर झाले. माझे धोरण मान्य असेल तरच मी पंतप्रधान राहीन, अशा अर्थाची भूमिका नेहरूंनी घेतली आणि प्रतिनिधींनी ती मान्य केली. ज्यांनी महिन्याभरापूर्वी टंडनांना मते दिली होती, त्यांतील पुष्कळांनी नेहरूंच्या ठरावांनाही हात वर केले. वरवर पाहता हा मोठा शहाणपणाचा तोडगा दिसतो: एकाला आसन, दुसऱ्याला ठराव, कोणीच हरले नाही. परंतु, श्रोतेहो, खरी मेख येथेच आहे. माणूस एका दिशेचा निवडला आणि ठराव दुसऱ्या दिशेचा केला, तर ऐक्य होत नाही; भांडण पुढे ढकलले जाते. ते ढकललेले भांडण लगेच पुढे उभे राहिले, आणि तेही कार्यकारिणीच्या यादीच्या रूपाने.

कार्यकारिणीत कोणाला घ्यावयाचे हा अध्यक्षांचा अधिकार. रफी अहमद किडवाई यांना घ्यावे असे नेहरूंचे म्हणणे होते. टंडनांनी ते मानले नाही. ज्यांना १,०९२ मते पडली होती, त्या कृपलानींच्या बाजूला संघटनेत मानाची जागा उरली नाही. नेहरू स्वतः कार्यकारिणीत यावयास तयार नव्हते. मनधरणी झाल्यावर ते आले. कृपलानींच्या माणसांनी पक्षातच लोकशाही आघाडी उभारली. त्या वर्षीच्या १५ डिसेंबरला सरदार पटेल वारले, आणि दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा एक मोठा हात नाहीसा झाला. पुढे जानेवारी १९५१ मध्ये अहमदाबादला ऐक्याचा ठराव झाला. परंतु ठरावाने मने जुळत नाहीत. मे महिन्यात कृपलानी काँग्रेसबाहेर पडले आणि जूनमध्ये पाटण्यास किसान मजदूर प्रजा पक्ष स्थापन झाला.

तोपर्यंत पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. उमेदवारी कोणाला द्यावयाची हे ठरविणारी समिती कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न होता. पक्षातील ऐक्याची खरी कसोटी भाषणांत लागत नाही, तिकिटांच्या यादीत लागते, हे आपण सर्व जाणतो. ऑगस्ट १९५१ मध्ये नेहरूंनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. सप्टेंबरमध्ये टंडनांनी अध्यक्षपद सोडले आणि नेहरू अध्यक्ष झाले. नाशकाचा मांडव उतरून एक वर्षही झाले नव्हते.

या ठिकाणी आम्हांला टंडनांविषयी एक शब्द आदराने बोलावासा वाटतो. मतांनी मिळालेले पद त्यांना सोडावे लागले होते. रागावून वेगळी चूल मांडावयास त्यांना पुरेसे कारण होते. त्यांनी ती मांडली नाही. ते पक्षात राहिले आणि १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. ज्यांच्याशी मतभेद झाला, त्यांच्याच नेतृत्वाखाली काम करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. हरणे कसे हरावे, याचा हा धडा आहे, आणि तो शिकविणारा माणूस मतपेटीत जिंकलेला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता बाहेर पडलेल्यांचे काय झाले तेही पाहू. पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागांपैकी काँग्रेसला ३६४ मिळाल्या. समाजवादी पक्षाला १२ आणि कृपलानींच्या पक्षाला ९ मिळाल्या. दोन्ही पक्षांना मते थोडी नव्हती, पण ती विखुरली गेली. पुढे १९५२ मध्येच हे दोन पक्ष एकत्र येऊन प्रजा समाजवादी पक्ष झाला. १९४८ साली नाशकातून घर सोडलेले आणि १९५० च्या नाशिक अधिवेशनानंतर घर सोडलेले असे दोघे एका छपराखाली आले. परंतु त्यांनाही भांडण मिटविण्याची रीत सापडली नाही. १९५५ साली लोहिया आपल्या सहकाऱ्यांसह वेगळे झाले. तात्पर्य, घर सोडल्याने घरात राहण्याची विद्या येत नाही.

या सर्वांतून आम्ही जो निष्कर्ष काढला तो आपणांपुढे ठेवतो. निवडणुकीने माणूस ठरतो. प्रश्न ठरत नाही. ज्या प्रश्नावर लढत झाली तो प्रश्न जिंकलेल्याने आणि हरलेल्याने समोरासमोर बसून मिटवावा लागतो, आणि हरलेल्याच्या मतांना काम व मान मिळावा लागतो. या दोहोंपैकी एक जरी राहिले, तरी ऐक्य हा फक्त छायाचित्रापुरता शब्द उरतो.

कोणी म्हणेल, हा एकाच प्रसंगावरून काढलेला निष्कर्ष आहे. म्हणून आणखी काही प्रसंग पाहू.

१९०७ साली सुरतेची काँग्रेस मोडली. ती आधी नागपूरला भरावयाची होती. जहालांचा जोर पाहून ती सुरतेला नेली. अध्यक्षपदी रासबिहारी घोष असावेत की लाला लजपतराय, यावरून वातावरण तापले. लोकमान्य टिळक आपली सूचना मांडावयास उभे राहिले, त्यांना बोलू दिले गेले नाही, आणि पुढे जोडा व खुर्च्या फेकण्यापर्यंत मजल गेली. येथे तर मतमोजणीही झाली नाही. जे भांडण मतपेटीत जाऊ दिले नाही, ते मांडवात फुटले. त्यानंतर मवाळांनी जी घटना केली, तिच्या शब्दांनी जहालांच्या तोंडावर दार लागले. टिळक मंडालेच्या तुरुंगातून १९१४ साली परत आले, तरी ते दार बंदच होते. १९१५ साली गोखले गेले, फिरोजशहा मेहता गेले. त्या वर्षीच्या मुंबईच्या अधिवेशनात घटनेची कलमे सैल केली गेली, १९१६ साली बेळगावच्या प्रांतिक परिषदेत टिळकांच्या पक्षाने परत जाण्याचे ठरविले, आणि डिसेंबरमध्ये लखनौला दोन्ही पक्ष एका मांडवात बसले. सुरतेपासून लखनौपर्यंत नऊ वर्षे गेली. आणि ते ऐक्य मिठी मारून झाले नाही; घटनेतील शब्द बदलून झाले. दाराची कडी काढली, तेव्हाच माणसे आत आली.

१९३९ साली त्रिपुरीला याच नाटकाचा दुसरा प्रवेश झाला. सुभाषबाबू अध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. पट्टाभी सीतारामय्या हरले. परंतु कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेने नेमावी, असा ठराव अधिवेशनाने केला. पुन्हा तेच: माणूस एका बाजूचा, ठराव दुसऱ्या बाजूचा. एप्रिलमध्ये सुभाषबाबूंनी राजीनामा दिला आणि मे महिन्यात फॉरवर्ड ब्लॉक निघाला. अकरा वर्षांनी नाशकात जे झाले, त्याची ही जणू रंगीत तालीम होती. दुर्दैव असे, की तालमीतून कोणी काही शिकले नाही.

परदेशाकडेही एक नजर टाकू. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरविण्यासाठी पक्षाच्याच मतदारांची आधी निवडणूक घेण्याची पद्धत आहे. तिला ते लोक प्रायमरी म्हणतात. १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी अशा बहुतेक निवडणुका जिंकल्या, पण पक्षाच्या अधिवेशनाने टाफ्ट यांना उमेदवारी दिली. रूझवेल्ट रागावून निघाले व त्यांनी नवा पक्ष काढला. मते दोघांत वाटली गेली आणि विरोधी पक्षाचे विल्सन सुमारे ४२ टक्के मतांवर अध्यक्ष झाले. टाफ्ट यांच्या पदरी अवघी दोन राज्ये पडली.

याच्या उलट लिंकन यांचे उदाहरण. १८६० साली शिकागोच्या अधिवेशनात पहिल्या फेरीत सीवर्ड पुढे होते. तिसऱ्या फेरीत लिंकन जिंकले. सीवर्ड यांना दुःख झाले नसेल असे नाही. तरीही त्यांनी गावोगाव फिरून लिंकनसाठी सभा घेतल्या. आणि लिंकननी अध्यक्ष होताच सीवर्ड यांना परराष्ट्र खाते दिले, चेस यांना खजिना दिला, बेट्स यांना कायद्याचे खाते दिले. हे सर्व उमेदवारीच्या लढतीतील त्यांचे प्रतिस्पर्धी. देश दुभंगण्याच्या काठावर असताना हरलेल्यांना बाहेर ठेवणे परवडणार नाही, हे त्या माणसाने ओळखले. अगदी अलीकडे, २००८ साली, ओबामा यांच्याकडून हरलेल्या हिलरी क्लिंटन यांनी अधिवेशनात स्वतः उठून ओबामांच्या नावाची एकमताने निवड करण्याची सूचना मांडली, आणि पुढे त्या त्यांच्याच मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाल्या. येथे हार घालण्याचे छायाचित्र होतेच, पण छायाचित्रामागे कामही होते.

पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. भाऊसाहेब हिरे हे मालेगावकडचे. मुंबई राज्याचे महसूलमंत्री म्हणून कूळकायद्याच्या कामात त्यांनी मोलाचा वाटा उचलला, हे येथल्या शेतकऱ्याला सांगावयास नको. १९५६ साली विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य होणार होते. त्याच्या नेतेपदासाठी काँग्रेसच्या विधिमंडळ पक्षात लढत झाली. यशवंतराव चव्हाणांना ३३३ आणि भाऊसाहेबांना १११ मते पडली. चव्हाण मुख्यमंत्री झाले. आकडा नाशकातल्यासारखा अटीतटीचा नव्हता, तिपटीचा होता. पण म्हणून प्रश्न मिटला का? खरा प्रश्न नेतेपदाचा नव्हता, संयुक्त महाराष्ट्राचा होता. तो मतपेटीच्या बाहेर, रस्त्यावर उभा होता. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला त्याची जाणीव करून दिली. खुद्द चव्हाण कऱ्हाडला थोड्या मतांनी निवडून आले. त्यानंतर त्यांनी दिल्लीच्या कानी पक्षातून हाच प्रश्न घातला, बाहेरून समितीचा रेटा होताच, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले.

पुढची गोष्ट नाशिककरांना ठाऊक आहे. चीनच्या आक्रमणानंतर १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. त्यांना लोकसभेची जागा हवी होती. १९६३ साली त्यांना बिनविरोध निवडून दिले ते याच नाशकाने. त्या वेळी देशावर संकट होते, हे कारण होतेच. भाऊसाहेब तर १९६१ सालीच निवर्तले होते. तरीही आम्हांला असे वाटते, की राज्याचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला असता, तर भाऊसाहेबांच्या जिल्ह्याने इतक्या मोकळ्या मनाने हा पाहुणचार केला नसता. प्रश्न मिटला, म्हणून माणसांमधला दुरावाही विरघळला.

चव्हाणांच्या राजकारणाला लोक बेरजेचे राजकारण म्हणतात. शब्द चांगला आहे. पण बेरीज दोन प्रकारची असते. आपल्याच घरातील रुसलेल्याला परत आणणे ही एक बेरीज. शेजारच्या घरातील माणसे एकेक करून आपल्या घरी आणणे ही दुसरी. पहिलीने पक्ष सुधारतो. दुसरीने पक्ष फुगतो, विरोधी पक्ष ओस पडतो, आणि फुगलेल्या घरात नव्या रुसव्यांना तोटा राहत नाही.

आता आजच्या दिवसांविषयी थोडे बोलणे भाग आहे. आपल्याकडील बहुतेक पक्षांत अशी लढत होतच नाही. अध्यक्ष बिनविरोध निवडला जातो, उमेदवारी वरून येते. काहींना वाटते, हे बरे. लढत नाही म्हणजे फूट नाही. आम्हांला याच्या अगदी उलट दिसते. जी मते पक्षाच्या पेटीत मोजली जात नाहीत, ती दुसरीकडे कोठे तरी मोजली जातात. २०२२ साली शिवसेना आणि २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. दोन्ही वेळा पक्ष कोणाचा, हा वाद निवडणूक आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. आयोगाने दोन्ही निर्णयांत विधिमंडळ पक्षातील बहुमताचा निकष धरला. संघटनेतील कौल विश्वासाने मोजता येण्यासारखा त्याला आढळला नाही. कोणती बाजू बरोबर, हे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. पण ज्या घराची शिधापत्रिका घरात लिहिली जात नाही, त्या घरातील माणसे मोजावयास बाहेरचा कारकून येतो, एवढे सांगावेसे वाटते.

लढत होऊनही घर टिकते, याचे उदाहरणही ताजे आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मते पडली. ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या कार्यकारिणीची यादी निघाली, तीत थरूर यांचे नाव होते. पुढील वर्षांत त्या पक्षात काय घडले, कोण कोणावर नाराज झाले, हा वेगळा विषय. आम्ही एवढेच नोंदवितो, की १९५० साली हरलेल्याच्या बाजूला जी जागा मिळाली नव्हती, ती २०२३ साली मिळाली.

मग करावयाचे काय? उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमची कबुली आपण ऐकलीच आहे. तरी त्या चुकीतून जे शिकलो ते सांगतो.

नियम लढतीच्या आधी ठरलेले असावेत, आणि ते दोघांनी आधी मान्य केलेले असावेत. मतदारयादी कोण करणार, मोजणी कोण करणार, तक्रार कोणाकडे करावयाची, हे निकालानंतर ठरवू म्हटले, की निकाल लागतच नाही.

जिंकलेल्याने त्याच रात्री हरलेल्याच्या घरी जावे. छायाचित्रकार बरोबर नसावा. जाताना हाती पेढे नसले तरी चालतील, एक काम असावे. "अमुक जबाबदारी आपण घ्या" असे सांगणे हा खरा मान. रिकाम्या हाताने दिलेला मान हरलेल्याला डिवचतो.

त्यानंतर दोघांनी लढतीचा प्रश्न कागदावर मांडावा. कोठे मतभेद आहे, कोठे नाही, कोणता प्रश्न पुन्हा मतास टाकावयाचा आणि केव्हा, हे लिहून काढावे. झाकून ठेवलेले दुखणे चिघळते, हे वैद्याला कळते तसे राजकारण्यालाही कळले पाहिजे.

हरलेल्यानेही आपले कर्तव्य करावे. आपल्याला पडलेली मते ही आपली जहागीर नव्हे. ती एका मताची ठेव आहे. ती घेऊन घराबाहेर पडणे सोपे, घरात राहून ती सांभाळणे अवघड. घर सोडण्याचे प्रसंग येत नाहीत असे आम्ही म्हणत नाही. दार बाहेरून लावून घेतलेले असेल, तर माणसाने काय करावे? परंतु दार नुसते लोटलेले असताना ते बंद आहे असे समजून निघून जाऊ नये.

आणि शेवटचे सांगणे आपणा सर्वांस आहे. पुढारी एकमेकांना भेटतात, चहा पितात, मिटवूनही टाकतात. खरी फूट राहते ती खालच्या माणसांत. ज्याने पुढाऱ्यासाठी शेजाऱ्याशी बोलणे सोडले, ज्याने रात्रभर पत्रके वाटली, त्याला कोणी भेटावयास जात नाही. त्याचे शेजाऱ्याशी अबोल तसेच राहते. म्हणून आमची विनंती आहे, की आपल्या वाड्यात, आपल्या सोसायटीत, आपल्या पतपेढीच्या किंवा वाचनालयाच्या निवडणुकीत जो आपल्या विरुद्ध उभा होता, त्याच्या घरी आपण एकदा जाऊन यावे.

आम्हीही उशिरा का होईना, त्या जमाखर्च लिहिणाऱ्या गृहस्थांच्या घरी गेलो होतो. तेव्हा संस्था बंद होऊन पुष्कळ दिवस झाले होते. त्यांनी आम्हांला बसावयास सांगितले, पाणी दिले, आणि कपाटातून जुनी खतावणी काढून दाखविली. शेवटचे पान त्यांनी निवडणुकीच्या आदल्या दिवशीच पूर्ण करून ठेवले होते. शिल्लक बरोबर जुळत होती. "पुढचा हिशेब विचारावयास कोणी तरी येईल असे वाटले होते," एवढेच ते म्हणाले. आमच्याजवळ त्याला उत्तर नव्हते. आपणांवर तशी वेळ येऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.